भाठ्यावरची वाट

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बोइरडीहच्या शिवारात शरयू पळसोकर यांचं धान पिकून उभं होतं. कापणीचं यंत्र सकाळी रायपूरहून निघालं, भनपुरी ओलांडून गावात पोहोचलं, एका नव्या भिंतीपाशी थांबलं आणि परत गेलं. भिंतीच्या पलीकडे शेत होतं. शेताला रस्ता नव्हता.

शरयूताई रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आमच्या समोरच्या घरात राहत. मुलींच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आईवडिलांना त्या एकुलत्या एक. गल्लीतली हिंदी बोलणारी घरं त्यांना दीदी म्हणत, मराठी घरं ताई. सत्तरी ओलांडली तरी चालणं भरभर होतं. चष्म्याला दोरी बांधलेली असे आणि चष्मा बहुतेक वेळ नाकावर नसून छातीवर असे.

डावं आणि उजवं हे शब्द त्या वापरत नसत. तलावाच्या पश्चिमेला, दुकानाच्या दक्षिणेला, असंच बोलत. रिक्षावाल्याला सांगत, "आगे से उत्तर को मोड़ना." रिक्षावाला मागे वळून पाही. मग त्या हात करून दाखवत, पण शब्द बदलत नसत. भाजीवाली सकाळी दाराशी बसली की म्हणत, "पूरब वाली टोकरी से दे." भाजीवाली सुरुवातीला वैतागली. नंतर तीच गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायची, "दीदी, आज पच्छिम वाला ताजा हे!"

मी एकदा विचारलं, एवढा हट्ट काहून?

"तोंड फिरवलं की डावं-उजवं बदलते," त्या म्हणाल्या. "पूर्व कुठं पळून नाही जात."

दुसरी सवय खाण्याच्या वस्तूंची. त्या कोणतीही गोष्ट मोडून देत नसत. पंधरा ऑगस्टला शाळेत बुंदीचे लाडू वाटायचे, ते एका वर्षी कमी पडले. बाकीच्या शिक्षिका लाडू अर्धे करू लागल्या. ताईंनी आपल्या वर्गातल्या मुलींना पूर्ण लाडू दिले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांना सांगितलं, तुमचे उद्या. मुली रडल्या. एकीची आई शाळेत भांडायला आली. दुसऱ्या दिवशी ताई गोल बाज़ारातून लाडू घेऊन गेल्या आणि राहिलेल्या मुलींना एकेक दिला. त्या आईला त्यांनी सांगितलं, "अर्ध्या लाडवानं तुमच्या पोट्टीचं काय झालं असतं? दोघीही उपाशी राहिल्या असत्या." हा किस्सा त्या स्वतः सांगत, आणि त्यात आपली काही चूक झाली असं त्यांना कधीच वाटलं नाही.

पळसोकर मराठी राज्याच्या काळात इकडे आले आणि राहिले. बोइरडीहला त्यांची शेती होती. त्या शेतीचं काय झालं हे समजायला तिथली माती समजावी लागते. रस्ता पश्चिमेला. रस्त्याला लागून चढावर भाठा, म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. मधे मटासी, पिवळसर आणि हलकी. पूर्वेला उतारावर, नाल्याकडे, कन्हार: काळी, जड, धानाला सगळ्यात चांगली. छत्तीसगडच्या गावांत एके काळी लाखाबांटा नावाची पद्धत होती. काही वर्षांनी गावची सगळी जमीन पुन्हा एक मानायची आणि नव्याने वाटायची. चांगल्या मातीतलं थोडं, वाईट मातीतलं थोडं, प्रत्येकाला. ती पद्धत केव्हाच बंद पडली. जमीन पुन्हा एक मानणं थांबलं, थोडं थोडं वाटणं मात्र राहिलं. पळसोकरांच्या घरात तीन पिढ्या त्याच हिशेबाने वाटण्या झाल्या. जितके भाऊ, तितके प्रत्येक शेताचे भाग.

ताईंच्या वाट्याला वडिलांकडून जे आलं ते सगळ्या शिवारात विखुरलेलं होतं. कन्हारीतला एक पट्टा इतका अरुंद की ट्रॅक्टर त्यात शिरला की चुलतभावाच्या धानात जाऊन वळायचा. शेत कसायला गावातला बिसाहू होता. तो त्यांची जमीन वर्षाच्या बोलीवर घेत असे, त्याच्या आधी त्याचा बाप घ्यायचा. औत घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना तो म्हणायचा, "आधा दिन त रेंगे म सिरा जाथे, दीदी." अर्धा दिवस चालण्यातच संपतो.

निवृत्तीनंतर ताईंनी ठरवलं की चौघा चुलतभावंडांच्या जमिनीची अदलाबदल करायची आणि प्रत्येकाने एकेक सलग चक, म्हणजे जमिनीचा एकच तुकडा, घ्यायचा. त्यांना दुसरं काही नको होतं. शाळेतली माणसं निवृत्तीनंतर तीर्थयात्रेला गेली. ताई शनिवारी बोइरडीहला जात.

चुलतभाऊ तिघे. बंडू सगळ्यात धाकटा, त्याचं गोल बाज़ारात भांड्यांचं दुकान. सुधाकरराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन भिलाईत स्थायिक. वसंतराव पुण्याला. बैठक ताईंच्या पुढच्या खोलीत झाली, वसंतराव फोनवर होते. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. टेबलावर ताईंनी काचेच्या तीन बरण्या ठेवल्या होत्या. एकीत लाल माती, एकीत पिवळी, एकीत काळी.

बंडूने एक बरणी उचलून हलवली. "ताई, हे काय, मातीचं लोणचं घातलं काय?"

"हात घालून पाहा. मग सांग तुले कोणती पाहिजे. एकच."

"एकच काहून? तिन्ही माझ्या बापाच्या होत्या."

"म्हणूनच ही गत झाली ना रे. तुझ्या शेतात तुझं औत फिरत नाही, माझं माझ्यात फिरत नाही."

"माझं औत कुठं आहे? मी गंज-बगोने विकतो."

सुधाकरराव हळू बोलत. "समता राहिली पाहिजे, शरयू. उद्या आमची पोरं म्हणतील, आत्यानं काळी नेली आणि आमाले मुरूम देला."

"मुरूम घेईल त्याले जास्त देऊ. दीडपट."

"कोणाच्या वाट्यातून?"

"माझ्या."

फोनमधून वसंतराव म्हणाले, "मला काहीही चालेल. सुधाकरच्या शेजारी द्या म्हणजे झालं. मला तिकडे यायचंच नाहीये."

मग बंडूने लाल बरणी स्वतःकडे ओढली. "चल. भाठा मले दे. शेती मले करायचीच नाही. रोडाले लागून आहे, एखादी टपरी तरी टाकीन कधी."

ताई हसल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी कमी वेळा पाहिलं होतं. "टपरी टाक, नाही तर महाल बांध. फक्त माझ्या धानात तुझी म्हैस नको येऊ देऊ."

"म्हैस कुठून आणू? तुझी भावजय घरात मांजर येऊ देत नाही."

इथून पुढे सगळ्या सह्या होऊन नोंदी फिरेपर्यंत तीन वर्षं गेली. सुधाकररावांनी दोनदा मन बदललं. त्यांना कन्हारीतला एक पट्टा तरी हवा होता. ते तो कसणार नव्हते, पण वडिलांनी दिला होता. ताई भिलाईला जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा सही होती, आणि त्यांच्या वाट्यातली आणखी थोडी जमीन कमी झाली होती.

शेवटी वाटणी अशी झाली. रस्त्याकडचा सगळा भाठा बंडूचा. त्याच्या खाली मटासीचा वरचा भाग सुधाकरराव आणि वसंतरावांचा. त्याच्या खाली, नाल्यापर्यंत, मटासीची कड आणि सगळी कन्हार ताईंची. क्षेत्र सगळ्यात कमी त्यांचं होतं, माती सगळ्यात चांगली. शिवारात लोक म्हणाले, मास्तरीणबाईनं बरोबर भाऊ गंडवले.

या तीन वर्षांत वाटेचा विषय एकदाही निघाला नाही. ताईंच्या चकाला पूर्व आणि दक्षिणेला नाला, उत्तरेला मुरमाची जुनी खदान. खदानीत बारा महिने पाणी. जायची वाट एकच होती, पश्चिमेकडून, भाठ्यावरून. शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेला तिथे धरसा म्हणतात. हा धरसा पळसोकरांच्याच जमिनीतून पळसोकरांच्याच जमिनीत जायचा. आजोबांची गाडी तिथून गेली, वडिलांची गेली. गावाच्या नकाशात तो नव्हता, कारण घरच्या माणसाला घरच्या जमिनीतून जाण्यासाठी नोंद कोणी करत नाही. ताईंनी आयुष्यभर मुलींना नकाशात रस्ता लाल रेघेने दाखवायला शिकवलं होतं. याविषयी त्यांना नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सैंपाकघरात जायचा रस्ता कोणी भावाकडून लिहून मागते काय?"

चक झाल्यावरची पहिली कापणी पाहायला त्यांनी सगळ्यांना नेलं. बंडू बायकोमुलांसह आला, डबे घेऊन. यंत्र भाठ्यावरून खडखडत उतरलं आणि शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेलं. पूर्वी मधले बांध त्याला वळू देत नसत, म्हणून ते या शेतांत कधी आलंच नव्हतं. बंडू कपाळावर हात धरून पाहत होता. "हे तर एअरपोर्ट झालं, ताई."

ताई बांधाच्या वरच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. बिसाहू जवळ आला आणि म्हणाला, यंत्र आलं, आता त्याच्या बायकोला आणि बाकीच्या बायांना कापणीचं काम राहणार नाही. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, हाताने करू, असं ताई म्हणाल्या. बिसाहू म्हणाला, "हव." हो, एवढंच.

चांगली वर्षं फार नव्हती. बोइरडीहचा रस्ता रुंद झाला आणि भनपुरीकडून गोदामं सरकत सरकत गावापर्यंत आली. गोदामांना ट्रक फिरतील अशी, रस्त्याला लागून असलेली, सलग आणि एका नावाची जमीन लागते. तुकड्यांच्या काळात कोणी विचारायला आलं नव्हतं, कारण इतक्या जणांना एकत्र बसवणं कोणाला परवडत नाही. आता भाठा एका नावावर होता. त्याच्या खालचं दोन नावांवर.

बंडू स्वतः सांगायला आला, पेढे घेऊन. मी तेव्हा ताईंकडे बसलो होतो. त्याने डबा उघडला आणि बराच वेळ पेढ्यांबद्दलच बोलत राहिला.

"विकला काय?" ताईंनी विचारलं.

"भाठाच तर होता ताई. काय उगवत होतं? सुधाकरदादा आणि वसंतदादानंही देला. पोट्टीचं लग्न आहे माझ्या, तुले माहीत आहे."

"माहीत आहे. वाट सोडली ना?"

"बोललो आहे मी त्याइले. गोदामाचा मालक भला आदमी आहे. गेट ठेवतो म्हणला, ताईले केव्हाही जाऊ देऊ. माझ्यासमोर म्हणला."

ताईंनी एक पेढा घेतला. पूर्ण खाल्ला. लग्न कधी आहे ते विचारलं.

मालकाने गेट ठेवलं, आणि पहिल्या वर्षी पहारेकरी ते उघडत असे. पुढच्या वर्षी मधल्या जमिनीवर शेड उभ्या राहिल्या आणि ताईंच्या बांधाला लागून भिंत पूर्ण झाली. रस्त्याकडचं गेट ट्रकसाठी राहिलं, शेताकडे उघडणारं काही राहिलं नाही. पहारेकऱ्याने हात जोडले. "माताजी, ऊपर से मना है." मालक म्हणाले त्यांना असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही. बंडू ताईंच्या दारात उभा राहून म्हणाला, "मी बोललो होतो ताई. पोरीची शप्पथ." तो बोलला होता हे ताईंनी नेहमी मान्य केलं. त्याच्याशी बोलणं त्यांनी तोडलं नाही. लग्नात त्या गेल्या, अक्षता टाकल्या, जेवल्या.

मग तहसील. तारखांना जाताना त्या इस्त्रीची साडी नेसत, शाळेत जात तशा. एका सुनावणीला मी सोबत होतो. अधिकारी तरुण होता, सभ्य होता.

"पहले किधर से जाती थीं?"

"पश्चिम से. भाई के खेत से."

"भाई ने तो बेच दिया."

"खेत बेचा. रास्ता नहीं बेचा."

"रास्ता रिकॉर्ड में दिखाइए."

ताईंनी कागद मागितला आणि उभ्या उभ्या, टेबलाच्या कडेवर, नकाशा काढला. उत्तरेचा बाण, रस्ता, भाठा, भाठ्यावरचं आंब्याचं झाड, झाडाला वळसा घालून उतरणारा धरसा, खदान, नाला. खाली प्रमाण लिहिलं. अधिकाऱ्याने कागद हातात घेऊन नीट पाहिला.

"नक्शा बहुत अच्छा बनाती हैं आप," तो म्हणाला, आणि जागेच्या पाहणीचा आदेश दिला.

पाहणीच्या अहवालात लिहिलं होतं की जागेवर रस्ता आढळला नाही. अहवाल बरोबर होता. जागेवर भिंत होती. आंब्याचं झाड आधीच तोडलं होतं.

त्या पावसाळ्यात बिसाहूने बी आणि खत नाल्यातून डोक्यावर नेलं. नाल्याच्या पलीकडचा शेतकरी आपल्या बांधावरून त्याला जाऊ देई. रोवणी झाली, कारण रोवणीला माणसं लागतात आणि माणसं नाल्यातून जाऊ शकतात. पीक चांगलं आलं. कापणीला ताईंनी यंत्र ठरवलं. मागच्या भिंतीत एका दिवसापुरती वाट पाडून देण्याचं गोदामाच्या मालकांशी बोलणं झालं आहे, असं बंडूने कळवलं होतं. यंत्र आलं तेव्हा पहारेकरी नवा होता आणि त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. फोन केले, कोणी उचलले नाहीत. यंत्रवाल्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं.

मग हाताने कापायचं ठरलं. पण कापणारी माणसं गावात उरली नव्हती. बिसाहूचे भाऊबंद आता त्याच गोदामात हमाली करत होते. बिसाहू, त्याची बायको आणि तिच्या माहेरच्या दोघी, एवढ्यांनी विळे घेतले. कापलेल्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ते कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडत. भनपुरीच्या कारखान्यांकडून येणारं ते पाणी काळं होतं आणि बायकांच्या पायांना खाज सुटत होती.

शेतावर मी ताईंना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. पहिले दिवस त्या पलीकडच्या काठावर छत्री घेऊन बसत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, मलाही शेतात जायचं आहे. बिसाहूने नको म्हटलं. त्यांनी चपला काढल्या, साडी खोचली आणि त्याचा हात धरून पाण्यात उतरल्या. मी मागे होतो. मधे एकदा त्यांचा पाय सरकला आणि चष्मा दोरीसकट पाण्यात बुडून वर आला. पलीकडे चढून त्यांनी तो पदराने पुसला आणि डोळ्यांवर लावला.

या बाजूने त्या आपल्या शेतात आयुष्यात पहिल्यांदा आल्या होत्या. समोर अर्धं कापलेलं धान होतं आणि त्याच्यामागे, रस्ता, चढ, आंबा जिथे असायचा तिथे, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत भिंत. आभाळ भरलेलं होतं, सूर्य दिसत नव्हता. ताई काही पावलं चालल्या, थांबल्या. एकीकडे वळल्या, मग दुसरीकडे.

"बिसाहू," त्या म्हणाल्या, "पूरब किस तरफ है रे?"

बिसाहूने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याने नाल्याकडे हात केला.

"हव," ताई म्हणाल्या, आणि बांधावर बसल्या.

कापलेलं तेवढं धान बाहेर निघालं. बाकीचं उभं राहिलं, वाळलं, गळलं. होळीच्या आधी शरयूताई बूढ़ापाऱ्यातल्या घरी वारल्या. अंत्यसंस्कार बंडूने केले. त्या अविवाहित होत्या आणि मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे चकावर तिघा चुलतभावांची नावं चढली.

मोजणी उन्हाळ्यात झाली. बंडू आणि सुधाकरराव हजर होते, वसंतराव फोनवर. मोजणीसाठी गोदामाचं गेट उघडून दिलं गेलं आणि भिंतीला शिडी लावली गेली. जमीन पश्चिमेला मटासी, पूर्वेला कन्हार. आडवी वाटली तर एकाला नुसती कन्हार गेली असती आणि एकाला नुसती मटासी, म्हणून खुंट्या पश्चिमेकडून पूर्वेकडे ठोकल्या. तीन पट्टे झाले. प्रत्येकाला दोन्ही माती थोडी थोडी मिळाली.

यंदाच्या खरिपात तिन्ही पट्ट्यांत काही लावलेलं नाही.